उकाड्यातली शेकोटी

सिंगापुरात, पाया लेबार भागातल्या ऑफिसात पंधरा वर्षं मी कॉन्डोच्या फ्लॅटांमधल्या संडास-बाथरूमांचे नकाशे काढत आलो. म्हणायला आर्किटेक्ट. मग एकदाचा एक जुना बंगला दुरुस्तीसाठी माझ्या वाट्याला आला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. त्याचा आर्किटेक्ट इंग्लंडातल्या कुठल्याशा आडगावचा. जन्मभर त्यानं तिथं एकच इमारत फिरून फिरून बांधली: घंटा टांगली की चर्च, फळा लावला की शाळा, गज बसवले की तुरुंग. झाली कारकीर्द. पुढे गावच्याच एका व्यापाऱ्यानं सिंगापुरात बंगला बांधायला काढला, तेव्हा या पठ्ठ्यानं घर न सोडता नकाशे बोटीनं धाडून दिले. त्यात फायरप्लेस चार! इथं बारा महिने घाम पुसायचा, आणि खोलीखोलीत भिंतीतली शेकोटी, वर धुराडं. बांधणाऱ्यांनीही निमूट बांधलं. साहेबाचा नकाशा, विचारणार कोण?

आता वारसा म्हणून त्या शेकोट्यांना हात लावायची सोय नाही. मालक तिथं रेस्टॉरंट काढतोय. एसी सोळावर ठेवून खोटा जाळ पेटवणार म्हणतो. हॉकर सेंटरला जेवताना मी त्या गोऱ्याची अशी काही टर उडवायचो की ऑफिसातले लोक पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावत.

त्याच सुमारास साताऱ्याजवळ आमचं घर बांधून होत आलं होतं. बाबांचा जन्म सरकारी क्वार्टरात गेला. डोळे मिटायच्या आत मुलाच्या हातच्या घरात राहायचं, एवढंच त्यांचं मागणं. नकाशे मी रविवारी बसून सिंगापुरातल्या माझ्या बिशानच्या फ्लॅटमधून पाठवले. प्रत्यक्ष जायला सवड कुणाला होती?

वास्तुशांतीला तेवढा गेलो. बाबा माझा हात धरून एकेक खोली दाखवत होते, जणू घर मी बघितलंच नव्हतं. खरंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या शेजारी आलो आणि मी जागच्या जागी थिजलो. जाडजूड काँक्रीटच्या भिंती, खिडकीचा पत्ता नाही, पोलादी दार. सिंगापुरात नव्या घरात बॉम्बपासून आसरा म्हणून अशी खोली कायद्यानंच द्यावी लागते. लोक तिथं बॅगा न् तांदूळ ठेवतात. हाताला वळणच पडलेलं, इथंही काढून मोकळा झालो होतो. साताऱ्यावर कोण बॉम्ब टाकणार होतं, देव जाणे. गवंड्यानं तर कौतुकानं भिंतीवर थाप मारून दाखवली.

आत पलंग होता. आईनं नवी चादर घातली होती, उशाशी तांब्या-भांडं.

"तुझी खोली कुठली ते तू नकाशात लिहिलं नव्हतंस," बाबा म्हणाले. "आम्ही पुष्कळ शोधली. मग म्हटलं, एवढी मजबूत केलीय, तीच असणार."

लिहायचं राहिलं नव्हतं. माझी खोली मी काढलीच नव्हती, मी तिथं राहीन हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली, पण सांगायची छाती झाली नाही. हो, तीच, असं म्हणालो आणि सगळी सुट्टी त्या भट्टीत दार सताड उघडं टाकून झोपलो.