लाल स्पोर्ट्स कारमध्ये टेम्पोचं इंजिन

घोडपदेवला बाबीच्या गॅरेजमध्ये दर रविवारी आमचा अड्डा जमतो. गाडी एकाची बिघडते, सल्ले सगळ्यांचे सुटतात, आणि चहा संपेपर्यंत एक नवा किस्सा तयार! पण संदीप कांबळेच्या लाल गाडीने एकटीने जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या गाड्यांनी मिळून दिले नसतील.

*

गाडी म्हणजे जुनी, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. दिसायला झकास, पण इंजिन कायमचं जाम आणि पार्ट मिळेनात. मी म्हटलं, "एखाद्या नव्या गाडीचं पेट्रोल इंजिन टाक आणि मोकळा हो."

संदीप म्हणाला, "अण्णांच्या टेम्पोचं टाकायचं."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर टेम्पो चालवला. टेम्पोचं वय संपलं म्हणून भंगारात दिला, तेव्हा संदीपने इंजिन तेवढं ठेवून घेतलं. त्या दिवसापासून अण्णा नायगावच्या चाळीतून खाली उतरलेच नव्हते. गॅलरीत बसायचे, तेही रस्त्याकडे पाठ करून. संदीपचा जीव तुटायचा. "निदान इंजिनचा आवाज ऐकून तरी उतरतील रे!"

बाबी मालवणचा. त्याने टेप लावून मापं घेतली आणि निकाल दिला, "इंजिन बसतला. बॉनेट बसाचा नाय!"

*

बॉनेटला भोक पाडलं, वर पत्र्याचं टोपण ठोकलं, तेव्हा कुठे इंजिन बसलं. पहिल्यांदा स्टार्ट केलं आणि अख्खी गल्ली हादरली! आम्ही नाचतोय, एकमेकांना मिठ्या मारतोय, एवढ्यात समोरच्या चाळीतल्या बायका बादल्या घेऊन धावत खाली आल्या.

"टँकर कुठे लागलाय?"

*

इंजिन बदलायची परवानगी आधीच काढली होती, उरलं होतं पासिंग. आरटीओच्या साहेबांनी बॉनेट उघडलं, बंद केलं, गाडीभोवती फिरून आले, पुन्हा उघडलं. मग शांतपणे विचारलं, "यातली कुठली गाडी पास करायची?"

पास झाली, बरं का!

*

हिंदमाताच्या सिग्नलला शेजारी एक कोरी करकरीत, महागडी स्पोर्ट्स कार. आतल्या पोराने आमच्याकडे बघून रेस दिली. संदीपनेही दिली. भसकन धूर! सिग्नल सुटला, तो पुलावरून दिसेनासा झाला आणि आम्ही अजून दुसऱ्या गिअरमध्येच. मी म्हटलं, "सांगत होतो ना? फुकट गेला सगळा खटाटोप!"

पूल उतरलो तर पठ्ठ्या बंद पडलेल्या गाडीपाशी उभा! दोर बांधला आणि ओढत आणली बाबीच्या गॅरेजला. उतरल्या उतरल्या त्याने बाबीला विचारलं, "हॉर्सपॉवर किती आहे हिची?"

बाबी म्हणाला, "घोडे म्हायत नाय. कांदे दोन टन ओढता!"

*

पण खरी परीक्षा नायगावला. गाडी चाळीखाली लावली, इंजिन चालू ठेवलं. वर गॅलरीत अण्णांनी मान वळवली, उठले, आणि आत निघून गेले. संदीपचा चेहरा पडला.

मग जिन्यात चपला वाजल्या! अण्णा शर्ट बदलून आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि संदीपला म्हणाले, "उतर."

एकटेच गेले. तास झाला, दीड तास झाला. फोन घरीच राहिलेला. संदीप रडकुंडीला आला, "त्यांना एवढ्या बुटक्या गाडीची सवय नाही रे!" आम्ही बाईक काढणार, तोच लांबून ती धडधड ऐकू आली. अख्खी चाळ गॅलरीत! आम्ही तर ओरडतच सुटलो!

अण्णांनी इंजिन बंद न करताच गाडी थांबवली. शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, सुरमईची भलीमोठी टोपली.

"अण्णा, स्पोर्ट्स कार आहे ती!" संदीप किंचाळला.

"म्हणूनच भाऊच्या धक्क्यावरून इतक्या लवकर आलो," अण्णा म्हणाले. "ही दादरच्या मार्केटला सोडतो. जेवायला माझी वाट बघू नका, धक्क्यावर अजून दोन भाडी आहेत!"