राखणदाराला विचारलंत का?

केवळ रागवायला म्हणून दरवर्षी विमानाचं तिकीट काढून परदेशी जाणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. दोहात रागवायला जागा कमी आहे अशातला भाग नाही. त्यांचं घर अल नस्रमध्ये, आमचं अल मुंतझात. एवढ्याशा वाटेत ते सिग्नलवर रागावतात, करक चहाच्या पाणचटपणावर रागावतात, फुटपाथवर गाडी चढवणाऱ्यावर रागावतात आणि आमच्या दारात पोचल्यावर लिफ्ट कुरकुरते म्हणून माझ्यावर रागावतात, जणू ती मीच वंगणावाचून ठेवली आहे. पण हे सगळे किरकोळ राग. ठोक राग ते थायलंडसाठी राखून ठेवतात.

दोहाजवळच्या लुसैलमधल्या उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या टोळीचे ते फोरमन. नवी इमारत उभी राहिली की लोक ती किती मजली आहे ते बघतात. आमचे साडू मान वर न करता खाली जमिनीकडे बघतात आणि भेटेल त्या इंजिनियरला हिंदीत विचारतात, "इधर के राखणदार को पूछा था?" इंजिनियरला वाटतं, एखादा परवाना राहिला. मी कराडकडचा, मलाही लग्नानंतरच कळलं की त्यांच्या मालवणी मुलखात प्रत्येक जागेला एक न दिसणारा मालक असतो. झाडाखालचा एखादा दगड म्हणजे त्याचं ठिकाण. त्याला वर्षाचा नारळ द्यायचा, मान द्यायचा, आणि काही मनात सललं की त्याच्यासमोर उभं राहून मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं. साडूंच्या घरचा राखणदार फणसाखाली होता. होता म्हणजे अजूनही आहे, पण ह्यांनी विश्वासाने दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर धाकट्या भावांनी ती जमीन एका रिसॉर्टवाल्याला विकून टाकली. ह्यांना कळलं तेव्हा कुंपण पडलं होतं, गेट लागलं होतं, आणि फणस, दगड, राखणदार सगळेच आत अडकले होते. ज्याची जागा त्यालाच न विचारता! मी ह्या असल्या गोष्टी फारशा मानत नाही, तरी ह्या एका बाबतीत माझंही टाळकं फिरतं. त्या दिवसापासून साडू गावी गेलेले नाहीत. "माज्याच देवाक भेटाक मी गेटार नाव सांगू? मेलंय तरी जाव्चंय नाय," असं ते म्हणतात आणि समोरच्याने जेवण थांबवून हे ऐकावं अशी त्यांची अपेक्षा असते.

मग रजा आली की जायचं कुठे? एकदा कंपनीतल्या कुणीतरी नेलं म्हणून ते बँकॉकला गेले आणि तेव्हापासून दरवर्षी जातात, ते देवळं बघायला. आता आखातात राहणारा मराठी पुरुष दरवर्षी बँकॉकला देवळं बघायला जातो म्हटल्यावर शुक्रवारच्या सुट्टीच्या जेवणावळीत जे व्हायचं तेच होतं. लोक डोळे मिचकावतात, खाकरतात, "देवदर्शन कसं झालं?" म्हणून विचारतात. मला ह्या लोकांची भयंकर चीड येते. ज्या माणसाने रात्री आठला झोपून पहाटे भिक्षूंची रांग बघायला उठायचं, त्याच्या नशिबी हा लौकिक! साडू त्यांना शिक्षा म्हणून फोनमधले फोटो दाखवतात. दारावरच्या हिरव्या राक्षसाच्या एका दाताचे सात-आठ कोनांतून काढलेले फोटो बघितल्यावर मिचकावलेले डोळे आपोआप मिटायला लागतात, पण साडू कोणाला उठू देत नाहीत.

मागच्या वर्षी माझी बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंच्या घरच्या ताई, ह्या दोघींनी ठरवलं की आपण सगळेच जाऊ. मला वाटलं समुद्र बघायला मिळेल. समुद्र विमानातून दिसला तेवढाच. पहिल्याच सकाळी साडूंनी आम्हांला राजवाड्याजवळच्या मोठ्या देवळात उभं केलं. तिथल्या ओवरीच्या भिंतींवर रामाची गोष्ट रंगवलेली आहे, सोन्याच्या कामाची, बघत राहावी अशी. साडू खुशीत होते. एका भिंतीपाशी आले आणि थबकले. मारुती एका मत्स्यकन्येशी नको तितकी सलगी करत होता. साडू शनिवार करणारे. त्यांनी गाइडला बोलावलं. "हा कोण?" गाइड हसून म्हणाला, "हनुमान. ही त्याची बायको. आमच्याकडे त्याच्या आणखीही आहेत." त्यानंतर जे झालं ते मी विसरायचा प्रयत्न करतो. साडूंनी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मध्येच "खलास, खलास" असं अरबी मिसळून ब्रह्मचर्यावर व्याख्यान दिलं. गाइड हात जोडून हसत राहिला. निषेध म्हणून साडू बुद्धाच्या मूर्तीसमोर फतकल मारून बसले, तर रखवालदाराने येऊन सांगितलं की पायांचे तळवे मूर्तीकडे करू नका. मी मनातल्या मनात डोळे मिटले. पण साडू एकदम पाय दुमडून बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघलंस? हेका म्हणतत शिस्त. हेंका मारुती चुकीचो शिकवल्यानी, पण बाकी माणसा बरी."

भुतांच्या बाबतीत तर त्यांना थायलंड म्हणजे सासुरवाडीच वाटते. केळीच्या बनात हिरवं नेसून राहणारी बाई, बाळंतपणात गेली तरी नवऱ्यासाठी रांधत राहिलेली बाई, रात्री धड घरी ठेवून नुसतं डोकं आणि आतडी घेऊन भटकणारी बाई, ह्या सगळ्यांची चौकशी ते हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडे करत. ती बिचारी घाबरून हात जोडी. साडू तिला धीर देत की आमच्याकडे एका हातात मशाल घेऊन फिरणारा देवचार आहे, तो वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, तेव्हा सगळेच वाईट नसतात. मुलगी आणखी घाबरे. माझी बायको म्हणाली, "भावोजी, तिला चावी द्यायची असते, तेवढी देऊ दे." साडू आमच्यावरही रागावले.

आणि मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी, एका मोठ्या मॉलच्या गाडीतळावर, ते चालता चालता थांबले. तिथे कोपऱ्यात एका खांबावर कबुतराच्या खुराड्याएवढं देऊळ होतं. असली घरं तिथे घरोघर, दुकानोदुकानी दिसतात. इमारत बांधली की त्या जागेचा जो मूळ मालक, न दिसणारा, तो बेघर होतो, म्हणून आधी त्याला घर द्यायचं. इमारतीची सावली त्याच्यावर पडता कामा नये. आत त्याच्या दिमतीला मातीचे नोकर, हत्ती, घोडे, नाचणाऱ्या मुली. बाहेर झेंडूचे हार, उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली, झाकण काढून, नळी घालून ठेवलेली. साडू त्या नळीकडे बराच वेळ बघत राहिले. "नळी घातल्यानी रे," ते म्हणाले. "तेका पियाक त्रास नको म्हणान. आणि आमी? नारळ देतंव आणि फोडून अर्धो घराक नेतंव."

त्यांनी चपला काढल्या. भर उन्हात तापलेल्या डांबरावर उभे राहिले, हात जोडले आणि गावच्या देवळात घालावं तशा खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या जागेच्या राखणदारा! आज ह्या कोकणातला लेकरू तुज्यासमोर उभा आसा, रे म्हाराजा!" आणि थांबले. मीही थांबलो. माझ्या हातात मॉलच्या तीन पिशव्या होत्या. साडूंनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू ते मुखत्यारपत्र मीच वापरलं होतं. "व्हय म्हाराजा म्हण! कोणी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा पोचत नाय!" मी म्हटलं. दोघी बहिणींनीही म्हटलं. हार विकणारी बाई काही न कळून हात जोडून आमच्या शेजारी उभी राहिली. साडूंनी त्या परक्या राखणदाराला सगळं सांगितलं. भाऊ, जमीन, गेट, फणस. "माज्या राखणदारार तीन मजल्यांची सावली पडता, म्हाराजा. तू त्येच्या जातीचो. त्येका माजो निरोप सांग." शेवटी आवाज फुटला तेव्हा ते घाईघाईने उन्हावर रागावले.

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं देवळं बघायला येत नव्हता. जिथे गेट नाही अशा राखणदारासमोर उभं राहायला येत होता. मला त्या भावांचा असा संताप आला की हॉटेलवर जाऊन मी जेवलो नाही.

ह्या वर्षी साडू निवृत्त होऊन कायमचे कोकणात परतले. ताईंनी समजावलं, की त्या निरोपाचं उत्तर आलं, ते मला माहीत नाही. परवा लुसैलच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत दहाबारा जणांमध्ये उभा होतो तेव्हा फोन आला. मागे समुद्राचा आवाज होता.

"गेटार उभो आसंय," साडू म्हणाले. "आत सोडतत म्हणतत, पण नाव लिवा म्हणतत. मी लिवणार नाय. हयसूनच घालतंय. ताई तुजी देवळात गेलीहा, हय व्हय म्हणाक कोण नाय. फोन ठेव नको."

मग तो खणखणीत आवाज सुरू झाला. मला वाटलं, आता भावांचा उद्धार होणार. पण साडू म्हणाले, "बा देवा म्हाराजा, इतकी वर्षा मी इलंय नाय. तुका इकल्यानी तेंका मी सोडलंय नाय, तू सोड. हय ऱ्हवाक येतत ती परकी पोरा पाण्यात जातत, तेंका सांभाळ. आणि माका वळख, रे म्हाराजा."

मी भिंतीकडे तोंड केलं. "व्हय म्हाराजा," मी हळूच म्हटलं.

"मोठ्यान म्हण, मेल्या!" साडू तिकडून ओरडले. "गेट आडवा आसा!"

लिफ्टचं दार उघडलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोन तोंडाजवळ धरला आणि जमेल तेवढ्या जोराने पुन्हा म्हटलं.