शून्यं कमी पडली तेव्हा

बायको जाऊन आठ महिने झाले. घरात बोलायला भिंती उरल्यात, त्या हूं का चूं करत नाहीत. म्हणून लिहितो. चौथी शिकलोय. चुका शोधायच्या असतील त्यानं पान उलटावं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. शिरवण्याच्या एका छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. महाप्याच्या एका कंपनीनं कम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक छापायला दिलं. इंग्रजी कळत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं उलटी वाचता यायची. धंद्याला तेवढं पुरतं.

पुस्तकात पानोपानी प्रोग्रामचे नमुने. मालक म्हणाला, "गबाळे दिसतायत, नीटनेटके लाव." बघतो तर प्रत्येक ओळीआधी आकडा. दहा, वीस, तीस, चाळीस. मधले गायब! म्हटलं, लिहिणारा येडा आहे. वर माझ्याकडचे शून्याचे खिळे संपत आलेले. मी सरळ एक, दोन, तीन, चार लावले. पान कसं चकाचक झालं.

शनिवारी पुस्तक लिहिणारी कंपनीची मॅडम प्रूफ नाचवत आली.

"काका, हे काय केलंत?"

"साफसफाई."

"ही ओळ म्हणते, चाळीसवर जा. तुमच्याकडे चाळीस आहे कुठे? कम्प्युटर जाणार कुठे, तळोज्याला?"

"मग सलग आकडे लिहायला काय झालं होतं?"

"उद्या मध्ये ओळ घालायची झाली तर पंधरा नंबर देता येतो. म्हणून जागा सोडतात."

ती गेल्यावर मालकानं एवढंच सांगितलं, "सोमवारी दुरुस्त झालं नाही, तर मंगळवारी येऊ नको."

रविवारी सकाळी बायको ब्लाऊज शिवत होती. तिला सगळं सांगितलं.

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "मी शिवणीत कापड सोडतेच की. बाई जाड झाली की उसवून वाढवता येतं. तुम्ही लोकांचं कापडच छाटलंत."

मशीन झाकून ती मी घरी आणलेले मॅडमचे हातानं लिहिलेले कागद घेऊन बसली. ती माझ्याहून कमी शिकलेली, पण आकडे वाचायची. 'जा' हा शब्द इंग्रजीत कसा दिसतो, ते मी दाखवलं. त्याच्यापुढच्या आकड्यावर बोट ठेवून ती तेवढ्या नंबरची ओळ शोधायची. "चाळीस, आहे. वीस, आहे." मी प्रुफावर खुणा करत होतो. मध्येच थांबली.

"अहो, इथं सत्तर लिहिलंय. ओळी तर साठलाच संपल्या."

"मॅडमनं लिहिलंय. बरोबरच असणार."

"मॅडम काय आभाळातून पडली?"

सोमवारी शेजारच्या छापखान्यातून शून्यं मागून आणली, सगळे आकडे बदलले आणि मॅडमपुढे सत्तरवर बोट ठेवलं. ती कागद बघून चपापली, मग हसत सुटली. "माझीच चूक! कुणी पकडली?"

मालक शेजारीच उभा होता. "मीच," म्हणालो.

नोकरी टिकली. घरी येऊन 'मीच' म्हणाल्याचं बायकोला सांगितलं.

"मॅडमनं चहा पाजला का?" तिनं विचारलं.

"पाजला."

"बिस्किट?"

"नाही."

"मग एवढं खोटं बोलून मिळवलंत काय?"

पुस्तक पुरं होईपर्यंत मॅडम रोज यायची. खरं सांगायला रोज संधी होती. सांगितलं नाही.