यंदा रोडगे नाहीत

माझ्या मैत्रिणीशी मी एकदाच ठरवून खोटं बोलले, आणि तो तिचा शेवटचा हिवाळा होता.

आम्ही दोघी आष्टीच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या. तिचं घर बाजाराच्या मैदानापलीकडे बौद्ध वस्तीत, माझं अलीकडे. पुढे ती नर्स झाली, मी मास्तरीण. लग्नं झाली, बदल्या झाल्या, आणि फिरून फिरून दोघी वर्ध्यालाच येऊन पडलो. माझा मोठा भाऊ मात्र गावाकडेच राहिला. तळेगावजवळ त्याचा संत्र्याचा बगीचा आहे, त्याला लागून तूर आणि थोडा गहू. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री उतरून झालेली असतात, माणसं मोकळी असतात, थंडी चांगली मुरलेली असते. नाताळच्या सुट्टीला धरून आम्ही सगळे तिथे जमायचो. मी, माझे यजमान, मुलं, भाऊ, वहिनी. आणि मैत्रीण, तिचा नवरा आणि तिची मुलगी. बगीच्यात रोडगे करायचे, दिवसभर ऊन खायचं, संध्याकाळी परत.

पहिल्या वर्षी भावाने स्वतः रोडगे भाजायला घेतले आणि वरून कोळसा, आतून कच्चे पीठ असे काढले. मैत्रिणीने त्याच्या हातातली काठी काढून घेतली. "दादा, तुमी संत्री पाहा. इस्तवाचं मी पाह्यतो."

तेव्हापासून वीसेक वर्षं विस्तव तिच्याकडे. कणीक जाडसर दळून आणायची, ओवा-मीठ-तेल घालून घट्ट भिजवायची, पुऱ्या लाटून एकीवर एक ठेवायच्या, मध्ये तेलाचं बोट, आणि अशा थराचा एक गोळा, म्हणजे एक रोडगा, करायचा. हे काम आम्ही सगळे करायचो. पण गोवऱ्या रचणं, त्या पेटून लाल झाल्या की रोडगे आत पुरणं, राख ओढणं, ते तीच करायची. मधूनच एखादा बाहेर काढून बोटाच्या पेराने ठोकायची आणि कान लावायची. "नाई झाला. अजून जड वाजते." पेशंटची छाती तपासावी तसं ते दिसायचं. आम्ही हसायचो. वहिनीची तुरीचे कोवळे सोले घातलेली वांग्याची भाजी तोवर चुलीवर रटरटत असायची.

त्या वर्षी पावसाळ्यात तिला घास अडकायला लागला. नर्स असूनही तिने दोन महिने पित्ताचं औषध घेऊन काढले. दुसऱ्याला रोज दटावणारी बाई, स्वतःचं मात्र "होईन बरं" म्हणून ढकलत राहिली. पोळी जाईना, मग भात जाईना, मग पाणीही थांबून थांबून जायला लागलं, तेव्हा नागपूरला नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. तिला डॉक्टरांनी काही समजावून सांगावं लागलं नाही. रिपोर्ट तिने स्वतः वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, बस चुकीन."

दिवाळीनंतर तिच्या नाकातून नळी घातली. दर दोन तासांनी सिरिंजने दूध, सूप, पातळ केलेली डाळ. सुरुवातीला फीड ती स्वतःच द्यायची, आरशात पाहत. मी शाळेतून परत येताना तिच्याकडे जायचे. तिच्या बिछान्याजवळ बसून मी शाळेतल्या गमती सांगायचे आणि घड्याळाकडे पाहायचे, कारण तिची फीड द्यायची वेळ झाली की मला तिथे बसवत नसे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ते कळत असणार.

डिसेंबर लागला तसं तिने विचारलं, "यंदा कोणत्या तारखेले जाणं हाये?"

मी तयारच होते. आदल्या रात्री यजमानांशी बोलले होते. जिच्या घशाखाली थेंब उतरत नाही तिला तुपात बुडवलेल्या रोडग्यांसमोर बसवायचं, हे मला क्रूरपणाचं वाटत होतं. भावाला कार्यक्रम रद्द कर म्हणायची माझी छाती झाली नाही, कारण त्याचा मुलगा दोन वर्षांनी पुण्याहून सुट्टीवर येत होता. म्हणून मी सोपा रस्ता धरला.

"यंदा रोडगे नाईत वं," मी म्हटलं. "वयनीची कंबर धरली हाये. दादा म्हणे, यंदा राहू द्या."

ती म्हणाली, "असं का. सांगजो वयनीले, शेक घे म्हणा."

मी सुटकेचा श्वास घेतला. घरी जाताना रस्त्यात गरम शेंगा घेतल्या आणि खातखात चालले, हेही मला आठवतं.

माझ्या वहिनीच्या कमरेची काळजी तिला वाटली नसती तर ती ती नव्हतीच. ठरलेल्या दिवशी सकाळी, आम्ही आधीच बगीच्यात पोचलेलो असताना, तिने वहिनीला फोन केला. कंबर कशी आहे विचारायला. वहिनीला माझं खोटं ठाऊक नव्हतं. ती भाजीची वांगी चिरत होती, फोन खांद्याने कानाशी धरून म्हणाली, "माह्या कमरेले काय झालं? चांगली हाये मी. तुमची तब्येत ठीक नाई म्हणून तुमी येऊन नाई राह्यल्या, असं ताई म्हणे. आमाले करमत नाई तुमच्याबिगर."

मी कणीक भिजवत होते. हात तसेच थांबले. वहिनीने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी काऊन असं सांगतलं त्याईले?"

अडीच तासांनी शेताच्या धुऱ्याशी, बांधालगत, एक भाड्याची गाडी येऊन उभी राहिली. आधी तिचा नवरा उतरला, मग त्याच्या हाताला धरून ती. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, मफलरच्या एका टोकाने नाकाखालची नळी झाकलेली. एवढ्या दिवसांत मी तिला पलंगावरच पाहिलं होतं. उभी राहिल्यावर ती किती कमी झाली आहे ते दिसलं. धुऱ्यावरून यायला तिला बराच वेळ लागला. आम्ही सगळे उभे होतो, कोणी पुढे जात नव्हतं. शेवटी भावाने जाऊन तिचा दुसरा हात धरला.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. मला वाटलं, ओरडेल. तिचा आवाज तेव्हा बसून गेला होता, कुजबुजल्यासारखा यायचा.

"मी मेल्यावर करजा माह्याबिगर," ती म्हणाली. "आता हाये तं बोलावत जा."

एवढंच. मग गोवऱ्यांकडे पाहून म्हणाली, "ह्या कोणं रचल्या? हवा कुठून जाईन?"

वहिनीने पाट आणून दिला. ती विस्तवाशेजारी बसली आणि माझ्या भाच्याकडून गोवऱ्या पुन्हा रचून घेतल्या. काठी धरायची ताकद नव्हती, म्हणून ती बोटाने दाखवायची आणि तो करायचा. धुराने तिला खोकला येईल म्हणून तिचा नवरा सारखा पाट सरकवायला जायचा, ती त्याला हाताने परत बसवायची. रोडगे पुरले. अर्ध्या तासाने एक काढायला लावला. तो तिने रुमालात धरला, ठोकला, कानाशी नेला. "पाच मिनिट," ती म्हणाली.

पानं मांडली. केळीच्या पानावर फोडलेला रोडगा, त्यावर तूप, शेजारी भाजी, वरण. आणि कोणीच हात लावेना. माझा भाचा पानाकडे पाहत होता, भाऊ पाणी पीत होता. तिला ते दिसलं.

"अजी, थंडे होऊन राह्यले ना," ती भावाला म्हणाली. "एवढ्या लांबून मी तुमचे चेहरे पाह्याले नाई आली."

भावाने घास घेतला. मग बाकीच्यांनी घेतले. मी खाली मान घालून खाल्लं. चव लागली नाही, आणि लागली तेव्हा स्वतःची लाज वाटली, कारण रोडगे खरोखरच चांगले झाले होते.

तिची फीडची वेळ झाली तेव्हा तिचा नवरा पिशवी घेऊन तिला गाडीकडे नेऊ लागला. वहिनीने त्याला थांबवलं. चौथीपर्यंत शिकलेली माझी वहिनी; मला जे दोन महिन्यांत सुचलं नव्हतं ते तिला उभ्या उभ्या सुचलं. तिने वरण पातळ केलं, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि वाटी घेऊन आली. "ताई, हे चालते काय? तिखट नाई घातलं त्याच्यात."

मैत्रिणीने वाटीत पाहिलं. "चालते," ती म्हणाली.

मग ती पंगतीतच बसली, आमच्या रांगेत, आणि नवऱ्याने सिरिंजने ते वरण हळूहळू नळीतून सोडलं. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. पिवळी धार नळीतून जाताना दिसत होती. ती डोळे मिटून बसली होती.

"चव तं नाई समजत," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पण गरम गरम खाली उतरते ते समजते. घरची डाळ हाये हे समजते."



संक्रांतीला मी तिच्याकडे गेले. जाताना सवयीने तीळगूळ नेला आणि दारातच लक्षात आलं. तिने हात पुढे केला, वडी घेतली, नाकाशी नेली आणि मुठीत धरून ठेवली. त्या दिवशी मी माफी मागितली. बगीच्यातल्या दिवसानंतर तो विषय आम्ही काढला नव्हता.

ती म्हणाली, "तू काऊन केलं ते मले समजते. मीच वार्डात किती जनाईशी खोटं बोलली असन." थोडा दम घेतला. "पण तुले एक सांगू काय? जाणं झालंच माहं. थ्या दिवसाचं काई नाई. पण तारीख समजली का आठ दिवस आधीपासून माणूस वाट पाह्यते. कणीक दळून आणली का, वयनीनं वांगे तोडले का. पडल्या पडल्या तेवढंच होतं माह्याजवळ. थे आठ दिवस तू नेले."

ती रागावून बोलत नव्हती. एखाद्या आईला बाळाचं वजन का वाढत नाही ते सांगावं, तसं सांगत होती. मी रडायला लागले तेव्हा तिने माझा हात धरला, आणि तिच्या मुठीतला तीळगूळ दोघींच्या हातांना चिकटला.

होळीच्या चार दिवस आधी ती गेली. मी शाळेत होते, सातवीच्या वर्गावर. तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वर्गातून बाहेर आले, आणि मग काय करायचं ते न सुचून पुन्हा आत जाऊन फळ्यावरचं गणित पूर्ण केलं.

पुढच्या डिसेंबरात भावाने फोन केला. "काय करायचं यंदा?" मी म्हटलं, करायचं. आणि पंधरा दिवस आधी तिच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, फोन करून तारीख सांगितली. मुलीची परीक्षा होती, ती येणार नव्हती. ते म्हणाले, "पाह्यतो, ताई." येतील असं वाटलं नाही. पण त्या दिवशी ते आर्वीमार्गे बसने आले, तळेगावच्या फाट्यावरून चालत, हातात पेरूंची पिशवी.

रोडगे मी भाजले. ठोकूनही पाहिले, पण मला सगळे सारखेच वाजले. अर्धे करपले, दोन आतून कच्चे राहिले. भाऊजींनी करपलेला भाग नखाने काढून मुकाट्याने खाल्ले. अबोल माणूस, मेकॅनिक. इतक्या वर्षांत माझ्याशी त्यांची दहा वाक्यं झाली असतील.

जेवणानंतर वहिनी भांडी उचलत होती आणि आम्ही दोघं संत्र्याच्या झाडाखाली बसलो होतो. ते अचानक बोलायला लागले.

"तुमच्यावर ते रागावली होती ना, ताई. मलेही पकडलं होतं तिनं." ते जमिनीकडे पाहून बोलत होते. "नळी लागल्यावर मी घरात जेवतच नव्हतो. शेजारच्या काकू डबा देत, थो मी जिन्यात उभा राहून खाऊन घेत होतो. तिले वास नको म्हणून. एक दिवस ते उठून दारात आली. म्हणे, चोरासारखं काऊन खाता? अंदर या. मंग रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. ते विचारे, आज भाजी कशी हाये, सांगा."

"मग?"

"मी म्हणो, चांगली हाये. ते म्हणे, चांगली म्हणजे कशी? आंबट हाये का, तेल जास्त झालं का, वांगे कोवळे होते का." त्यांनी पायाशी पडलेलं वाळकं पान उचललं, मोडलं, टाकलं. "मले काई सांगताच आलं नाई, ताई. चार महिने ते विचारत राह्यली अन् मी चांगली हाये, चांगली हाये, एवढंच म्हणत राह्यलो."

वहिनीने लांबून चहा ठेवू का विचारलं. ते नको म्हणाले. आर्वीची बस साडेचारची होती. भावाने त्यांना मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं.