नर्मदाबाईच्या अंगात काय होतं

लीलाधर हा माझ्या एस.टी.चा कंडक्टर. शिंदखेडा–धुळे फेरीला मी स्टिअरिंगवर आणि तो मागे तिकिटं फाडत, अशी आमची बरीच वर्षं गेली. भारी बडबड्या माणूस. म्हाताऱ्यांना हात धरून चढवायचा आणि दारात लोंबकळणाऱ्या पोरांना शिव्या हासडून आत घ्यायचा. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तो एकाएकी गप्प झाला.

कारण त्यानेच सांगितलं. धावत्या गाडीत सगळेच हलतात, कुणाचं काय हलतंय ते कळत नाही. पण सोनगीरला गाडी बंद केली की त्याच्या डाव्या हाताची बोटं आपोआप उडायची. मग तो हात खिशात कोंबून उभा राही.

त्याची आई नर्मदाबाई. चाळिशीनंतर तिचे हातपाय असेच उडायला लागले होते, मान झटके देई, चाल झिंगल्यासारखी. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे लावून, नथ घालून पाटावर देवी मांडतात आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. नर्मदाबाई कानबाई घेऊन निघाली की तिचं अंग असं काही हले, की बायका रस्त्यातच तिच्या पायांवर पडत. हिच्या अंगात देवी येते, हे गावाने ठरवूनच टाकलं. वर्षभर तिच्या ओट्या भरल्या जात. दवाखाना कुणी दाखवला नाही. देवीला कुठे दवाखाना लागतो? शेवटी तिला घास गिळता येईना. हाडांचा सापळा होऊन बाई गेली.

लीलाधर धुळ्याला डॉक्टरांकडे गेला. ही सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "तुमच्या आईच्या अंगात देवी नव्हती. हा मेंदूचा आजार दिसतो. आईला असला तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी." रक्त बंगलोरला गेलं. रिपोर्टला दोन-तीन महिने लागणार होते.

मला रागच आला. निम्मी म्हणजे काय? हाफ तिकीट फाडता येतं, हाफ आजार कसा फाडायचा? लीलाधर तेवढे महिने रोज स्वतःची परीक्षा घेत होता. शर्टाची बटणं लावताना, चहाची बशी उचलताना. घरी मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या हाताकडे टक लावून बघत राही. त्याची बायको बेबाबाई हे मला सांगताना रडली.

श्रावण आला, रिपोर्ट आला नाही. आईमागे कानबाई डोक्यावर घ्यायचा मान लीलाधरकडे होता. नको म्हटलं तर भाऊबंद ऐकतात होय? मीही मिरवणुकीत होतो. ती बाजारपेठेत आली आणि पाट धरलेला त्याचा डावा हात जोरात उडाला.

"माय उनी! माय उनी!" देवी अंगात आली म्हणून एकच गलका. डफ वाढले. बायकांनी त्याचे पाय धरले. लीलाधरने देवी बेबाबाईच्या हातात दिली आणि ओरडला, "माय नही उनी! हाई बीमारी शे. मन्ही मायले बी हाईच होती. सोडा मन्हा पाय!"

डफ थांबले. कुणी रागावलं नाही. त्याची म्हातारी चुलती कमलबाई नवलाने बघत म्हणाली, "अरे भाऊ, तुनी माय बी दरसाल हाईच म्हने. देवी नही, माले दवाखानामा ली चला म्हने. अंगातली देवीच अशी नही म्हनस, असं आम्ही समजनूत."

इतका वेळ लीलाधरला आपल्या हाताची काळजी होती. आता आई डोळ्यांपुढे आली आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला. मलाही आवरेना.

देवी बोळवून झाल्यावर काठावर आम्ही तिघंच उरलो. तो बेबाबाईला म्हणाला, "रिपोर्ट काय येवाना तो येवो. पन मी काही सांगसू ना, तवय मन्हं ऐकजो. अंगात कोन शे ते नको देखजो."

"आत्तेच सांगा," बेबाबाई म्हणाली. "काय दुखस?"

त्याने डावा हात तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "दुखत काहीच नही. भ्याव वाटस."