चौक कोणी काढायचा

मुलीनं ते पुस्तक घरी आणलं तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. निरनिराळ्या लोकांचे लेख एकत्र केलेलं जाडजूड मराठी पुस्तक: वंश, वर्ग, लिंगभाव, अस्मिता. ती पालघरला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे अशी पुस्तकं घरात येतात. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि मी उचललं. मी सरकारी कचेरीत लेखा विभागात आहे. छापील कागद हातात आला की पहिल्या पानापासून वाचायचा आणि बेरजा तपासायच्या, ही माझी सवय. एका तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जात होती. मी समासात पेन्सिलीनं तसं लिहिलं. मुलगी म्हणाली, "आई, ते ऑडिटला आलेलं नाहीये."

पहिला भाग कातडीच्या रंगाबद्दल होता, सगळा बाहेरच्या देशांतला. मला वाटलं, हा आपला नाही, पटकन संपवू. पण वाचताना कचेरीतल्या बाई आठवल्या. मुलीचा फोटो बघून त्या म्हणाल्या होत्या, "उजळ आहे हो पोरगी. तुमच्यातली वाटत नाही." प्रेमानंच म्हणाल्या होत्या, आणि मी "थँक्यू" म्हटलं होतं. पुढच्या भागात वर्ग आला. पगार, पक्कं घर, गाडी बघितली तर मी मधल्या रकान्यात. जमात बघितली तर खालच्या. बाई म्हणून आणखी एक रकाना, आणि नवरा नाही म्हणून त्यातही वेगळी ओळ. मी एकच बाई, पण प्रत्येक तक्त्यात वेगळ्या ठिकाणी मोजलेली. हिशोबात अशी नोंद आली तर मी ती परत पाठवते.

मी ते पुस्तक एवढ्या चिकाटीनं का वाचत होते, ते सांगायला हवं. मला एका गोष्टीचं उत्तर हवं होतं. मुलीच्या लग्नात चौक कोणी काढायचा?

आम्ही वारली. माझं माहेर सायवनकडच्या एका पाड्यातलं, भात आणि नागली करणारं घर. आमच्याकडे लग्न लावते ती बाई, धवलेरी. तिनं गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यात पालघट देवी. तो चौक काढायचा सवासिनींनी, म्हणजे ज्यांचा नवरा हयात आहे अशा बायकांनी. नवरा होता तोवर मी पाड्यातल्या कितीतरी लग्नांत चौकाच्या कडा काढल्या. माझी रेघ सरळ येते, म्हणून कडा माझ्याकडे असायच्या. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात शेजारीण सांगायला आली, "तू जेवायला ये हां." तिनं वाईट काही म्हटलं नव्हतं. फक्त कधी यायचं ते सांगितलं होतं.

सरावलीला आम्ही घर बांधलं तेव्हा नवरा होता. सगळ्या भिंतींना ऑइलपेंट दिला, पण मागच्या खोलीची एक भिंत मी गिलाव्यावरच ठेवायला लावली. ऑइलपेंटवर गेरू धरत नाही. रंगवणारा म्हणाला, "ताई, एक भिंत राहिली." मी म्हटलं, "राहू दे. पोरीच्या लग्नात लागेल."

मुलीला हे सगळं माहीत होतं. लग्न ठरल्यावर तिनं सरळ सांगितलं, "चौक काढायचा तर तू काढायचास. नाहीतर नको."

धवलेरी म्हणजे माझी सख्खी मावशी. तिला बोलवायला मी आणि मुलगी सायवनला गेलो. मावशी अंगणात नागली पाखडत होती. मुलीनं आपली अट सांगितली. मावशीनं सूप खाली ठेवलं नाही.

"चौक सवासिनीच काढतात, बाय."

"का पण, आजी?"

"का ते मला नाय ठावं. माझ्या सासूनं मला शिकवलं तसं मी करते."

"म्हणजे आई माझ्या लग्नात बाजूला उभी राहणार?"

"मी विधवा झाले तर मीही बाजूलाच उभी राहीन. तुझा आजा खोकतोय आत, ऐक." आतून खरंच खोकल्याचा आवाज आला आणि मुलीला हसू फुटलं. मावशी हसली नाही. मला म्हणाली, "ही काय वाचते गं?"

मी पुस्तकाबद्दल सांगितलं. बायकांवर पुरुषांची सत्ता कशी चालते, धर्माचं काम पुरुषांच्या हातात कसं असतं, असं त्यात आहे म्हटलं.

"माझं आहे का त्यात?"

होतं. मी ती ओळ शोधून ठेवली होती. काही आदिवासी समाजांत विवाहविधी स्त्रिया करतात, एवढंच, आणि खाली तळटीप. पुस्तक पिशवीत होतं, मी ती वाचून दाखवली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्यांना काय ठावं," मावशी म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्हाला मोडायचं तर मोडा. मी भांडायला येणार नाय. पण मोडलेल्या लग्नात मला गायला बोलवू नका."

परत येताना गाडीत मुलगी रडली. तिचं बरोबर होतं. मावशीचंही मला चूक म्हणता येईना. भटजीच्या जागी बाई असलेलं लग्न ही आमची गोष्ट, आणि मला भिंतीपासून लांब ठेवणारं लग्न हीसुद्धा आमचीच. पुस्तकात लिंगभाव एका प्रकरणात होता आणि अस्मिता दुसऱ्या. दोन्हींच्या मधे बरीच पानं होती. माझ्या घरात ती पानं नव्हती.

मुलीनं अट सोडली नाही. मी म्हटलं, "माझ्यासाठी कशाला अडवतेस? काढू देत त्यांना. मी बघीन." ती म्हणाली, "तू बघशील ते मला बघवणार नाही."

चौक होणार नाही हे ऐकून तलासरीच्या विहीणबाईंना मात्र बरं वाटलं. त्यांचा मुलगा गुजरात हद्दीवरच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याचे साहेब लोक येणार होते. "हॉलच बरा, बेन," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात साहेबांना बसवायचं कुठं? आणि हॉलमध्ये कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही, कोण विचारतंय?" मुलीला भटजी नको होता. शेवटी ठरलं ते असं की लग्न डहाणूला नोंदणी पद्धतीनं होईल, नंतर हॉलमध्ये जेवण, आणि विहीणबाईंच्या समाधानासाठी भटजी पाच मिनिटं मंत्र म्हणेल. मावशीला आमंत्रण गेलं. ती आली नाही. नागलीचं पीठ पाठवलं.

हॉलमध्ये स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स होता. त्यावर आमचीच चित्रं, तारपा वाजवणारा, गोल धरून नाचणारी माणसं. जरा वेळ बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की नाचणारी बाई एकच आहे, तीच कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा चिकटवलेली. केसांच्या अंबाड्याची तीच चूक सगळीकडे. मधे चौकट होती. तिच्यात पालघटच्या जागी नवरा-नवरीची नावं. साहेब लोकांनी तिच्यासमोर फोटो काढले. एकजण मला म्हणाला, "ट्रायबल टच छान दिलाय."

भटजी आला. चांगला माणूस होता, घाईत होता. त्यानं विचारलं, "कन्यादानाला मुलीकडचं जोडपं?" तो पुन्हा म्हणाला, "आई-वडील, नाहीतर काका-काकू, मामा-मामी. जोडपं लागतं." माझा भाऊ आणि वहिनी पुढे झाले. वहिनीनं माझ्याकडे बघून ओठ चावला. मुलीनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. ती उठेल असं मला वाटलं. साहेब पहिल्या रांगेत होते, विहीणबाई हात जोडून उभ्या होत्या. मी तिला डोळ्यांनी सांगितलं, होऊ दे. ती बसून राहिली. भटजीनं पाणी सोडायला सांगितलं आणि भावानं सोडलं. मी खांबाजवळ, आहेराच्या पिशव्या सांभाळत.

त्या दिवसाची बाकी मला एवढीच काढता आली: जे टाळायला चौक सोडला, ते झालंच. आणि मावशी गायची राहिली.

लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी आली ती एकटीच. दुपारी जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत गेली आणि कोऱ्या भिंतीसमोर उभी राहिली.

"आई, तांदूळ भिजव."

"कशाला?"

"आता काढ. कुणी नाहीये. आजी नाही, भटजी नाही, सासू नाही. आपण दोघीच."

मी तांदूळ भिजवले, वाटले, पाणी घालून सरसरीत केले. मुलीनं भिंतीला गेरू लावला, तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. गेरू वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग मी वाटी घेऊन भिंतीसमोर बसले. बहारू म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली, तीही तयार होती. पहिली रेघ कुठून सुरू होते ते मला पक्कं माहीत होतं. काडी बुडवली. हात उचलला.

हात भिंतीपर्यंत गेला नाही.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"काही नाही."

"आई, कुणी बघत नाहीये."

"माहीत आहे मला."

खरंच कुणी बघत नव्हतं. मावशीला कळलं नसतं. मला कशावर विश्वास आहे असंही नाही. त्या पुस्तकातलं पानन् पान मला पटलं होतं, त्यात समासात पेन्सिलीनं "बरोबर" असंही मी बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं. तरी नव्या लग्नाच्या पोरीचं नाव मनात आणून ती रेघ ओढायची मला भीती वाटली. माझ्या हातानं तिचं काही वाईट झालं तर, एवढीच भीती. असं होत नसतं हे मला माहीत होतं, आणि काडीच्या टोकावरून पीठ माझ्या पायावर ठिबकत होतं.

मुलगी माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "मी काढू? मी आता सवासीण आहे."

हा विचार आम्हा दोघींनाही आधी सुचला नव्हता. तिनं काडी माझ्या हातातून घेतली, आणि धरली तशीच. तिला चौक येत नव्हता. ती लहान होती तेव्हा मी तिला अभ्यासाला बसवायचे, चौकाला नाही. आणि मी बाजूला बसून तिला सांगायचं, तिनं काढायचा, म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. हे तिला माझ्याआधी कळलं. तिनं काडी वाटीत ठेवली.

"नको," ती म्हणाली.

पीठ फुकट कशाला घालवायचं, म्हणून मी त्यात मीठ टाकलं आणि तवा ठेवला. पातळ घावनं झाली, कडेला जाळी पडलेली. चटणी उरलेली होती. आम्ही स्वयंपाकघरात बसून खाल्ली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि जेवताना आम्हा दोघींनाही ती लाल भिंत दिसत होती. मुलगी म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय." मी म्हटलं, "हो, झालंय खरं."