परतीचं माप

‘वरून आलंय, ताई,’ असं म्हणून तो बोट छताकडे करायचा. आमच्या गाळ्याला वर पत्रा आणि पत्र्यावर कबुतरं. पहिल्यांदा त्याने तसं बोट केलं तेव्हा मी खरंच वर पाहिलं आणि म्हटलं, ‘वरून आमच्याकडे एकच गोष्ट येते, ती पुसायला फडकं लागतं.’ तो हसला. मग त्याने नवा दर सांगितला आणि माझं हसू गेलं.

तो कुरियर कंपनीचा माणूस. पार्सल उचलणारा नव्हे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि काम काय, तर आमच्यासारख्या ऑनलाइन विकणाऱ्यांना धरून ठेवायचं आणि वाढलेले दर गळी उतरवायचे. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल, विम्याचा म्हणा, बँकेचा म्हणा. राग असतो कंपनीवर, पण कंपनी काही समोर बसून चहा पीत नाही. तो पितो.

राहायला कांजूरमार्गला. वडील गिरणीत होते, मूळ घर मालवणकडचं. एरवी तो अगदी पुस्तकातलं बोलायचा, पण घाबरला की आतलं मालवणी बाहेर पडायचं. ‘माका काय म्हायत?’ हे त्याच्या तोंडून ऐकलं की समजायचं, प्रकरण खरोखर वाईट आहे.

त्याची आणखी एक खोड होती. एरवी बूट घालून थेट माझ्या टेबलापर्यंत येणारा हा माणूस, वाईट बातमी असली की बूट दाराबाहेर काढायचा. मी एकदा विचारलंच. म्हणाला, ‘देवाचं सामान आहे ना आत.’ देवाचं सामान तर रोजच असायचं! मग आमच्या ओळीत पद्धतच पडली. तो दिसला की आधी त्याचे पाय बघायचे. शेजारच्या गाळ्यातला मोबाइल कव्हरवाला तिकडून ओरडायचा, ‘ताई, मोज्यात आहे!’ की मी पदर खोचून तयार.

मी मखरं विकते. थर्माकोल बंद झालं तेव्हापासून पुठ्ठ्याची, घडीची. पहिली मखरं घरच्या ओट्यावर कापली, मग चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत हा गाळा भाड्याने घेतला. यात नवऱ्याचा, दिराचा, बँकेचा, कोणाचा हात नाही. मी चारकोप गावातली कोळीण. आई बोरिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. भाव करायला मला कोणी शिकवलं नाही. मी ऐकतच मोठी झाले.

आता परतीचा धंदा कसा चालतो ते सांगते. माझं मखर चपट्या खोक्यातून जातं. लोक ते उघडतात, गणपती बसवतात, दीड दिवस, पाच दिवस आरत्या करतात, आणि विसर्जनानंतर कळवतात की ‘रंग फोटोसारखा नाही.’ गणपती गावाला जातात आणि मखर चारकोपला येतं. त्यावर हळदकुंकू असतं, दूर्वा चिकटलेल्या असतात, एकदा तर अर्धा मोदक निघाला. विकणारी साइट गिऱ्हाइकाचं ऐकते. वर परतीचं भाडंही माझंच.

आणि घडी कोणालाच परत घालता येत नाही. आधी मागचा खांब आत दाबायचा, मग कमान, मग बाजू. लोक बाजू दाबत बसतात, मखर फुगतं, शेवटी टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात कोंबून पाठवतात. कुरियरवाले वजन धरत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची धरतात. म्हणजे आत हवा असली तरी हवेचंही भाडं.

या हंगामाच्या आधी तो करार नवा करायला आला. मी दोन तास घासाघीस केली. शेवटी म्हटलं, ‘जायचं भाडं घे काय घ्यायचं ते. पण परत येताना खोका फुगला म्हणून वाढीव काही लावायचं नाही.’

त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. ‘बघतो, ताई.’

‘बघतो म्हणजे?’

‘बघतो म्हणजे बघतो. परतीचं माझ्यावर सोडा.’

बाजारात एखादी बाई ‘बघते’ म्हणून पुढे गेली की आई त्याच पापलेटावर पाणी मारून दुसरीला हाक घालायची. ‘बघते’ म्हणजे नाही. हे मला चालता येण्याआधी ठाऊक होतं. पण ‘माझ्यावर सोडा’ म्हणाला होता तो! तुम्हीच सांगा, हा शब्द झाला की नाही झाला? मी त्या शब्दावर कधी नव्हे एवढा माल भरला. गाळ्याच्या मालकाने बजावलं होतं की दिवाळीआधी वाढीव भाड्याने करार कर, नाहीतर रिकामा कर. हा हंगाम परतीने खाल्ला असता तर गाळा गेलाच म्हणायचा.

विसर्जन झालं आणि तो आला. मोज्यात.

‘वरून आलंय, ताई. परतीचा खोका जाताना होता त्यापेक्षा मोठा आला तर अधिभार. सगळ्यांनाच आहे.’

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कव्हरवाल्याने आपलं शटर अर्धं ओढून घेतलं.

‘तू शब्द दिला होतास!’

‘मी बघतोय ना, ताई.’

‘काय बघतोयस? माझी वाट लागलेली बघतोयस?’

त्याने चहा अर्धा ठेवला, बूट हातात घेतले आणि तसाच पॅसेजच्या टोकापर्यंत चालत गेला.

मग परतीची पार्सलं यायला लागली. मी पट्टी घेऊन दारातच उभी. मुलुंडचं आलं, घाटकोपरचं आलं, अंधेरीचं आलं. सगळी चपटी! जशी गेली तशीच. मला वाटलं, माझ्या तोंडाचा दणका बसला. कव्हरवाल्याला म्हटलंसुद्धा, ‘बघ, आवाज चढवल्याशिवाय या शहरात काही होत नाही.’

पण मग खोके उघडले. सगळ्यांची घडी बरोबर. आधी मागचा खांब, मग कमान, मग बाजू. एवढी गिऱ्हाइकं एकदम शहाणी झाली? आणि टेपवर आतल्या बाजूने पिवळे ठसे, हळदीच्या बोटांचे. सगळीकडे तोच रुंद अंगठा. मखराची घडी मी गाळ्याबाहेरच्या एकाच माणसाला शिकवली होती. पहिल्या भेटीत तो चुकून एका मखरावर बसला होता, आणि मी त्याला उठवून घडी घालायला लावली होती.

परतीची पार्सलं आणणाऱ्या गाडीवाल्याला खोदून विचारलं. तो आधी नाही नाही म्हणाला, मग बोलला. ‘तुमचे साहेब कांजूरला येऊन उभे राहतात, ताई. उपनगरातल्या परतीच्या गाड्या तिथेच खाली होतात ना. माप व्हायच्या आधी तुमचे खोके बाजूला घेतात, उघडतात, घडी घालतात, परत बांधतात. कोणाला बोलू नका.’

मी फोन लावला. ‘अरे, हे तू करतोयस?’

‘फोनवर नको, ताई.’ आणि फोन बंद. कधीही माझं बोलणं मध्ये न तोडणारा माणूस.

त्यानंतर तो एकदाच आला. कव्हरवाला ओरडला, ‘बूट आहेत, ताई, बूट!’ आम्ही दोघंही सैलावलो. तो येऊन बसला, चहा प्यायला, दराचा विषयच काढला नाही. नखं पिवळीजर्द.

‘काय रे, हळद लागली का तुला? आम्हाला बोलावलं नाहीस!’

त्याने हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाला, ‘कांजूरला कॅमेरा बसवलाय. खोका खालून गेला की फोटो, फोटोवरून माप. फोटो आणि अधिभार तुमच्या मोबाइलवर लगेच. माप घ्यायला माणूसच लागत नाही.’

‘मग माप घेणारी माणसं?’

‘दुसरीकडे पाठवली म्हणतात.’

‘आणि कॅमेऱ्याला सगळं दिसतं? बाजूला कोण काय करतंय तेही?’

त्याचं बोट सवयीने वर जायला निघालं आणि अर्ध्यावर थांबलं. आवाज एकदम खाली आला. ‘माका काय म्हायत?’

जाताना दारात वळून म्हणाला, ‘जे परत यायचंय ते लवकर येऊ दे, ताई.’ जणू परत पाठवणारी मीच होते. मी म्हटलं, ‘तू सांभाळ स्वतःला.’ एवढं मऊ मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. त्यालाही ते आवडलं नसावं. मान खाली घालून गेला.

मग एका सकाळी मुलुंडचा खोका फुगून आला.

मी तो दारात ठेवून बघत राहिले. कव्हरवालाही येऊन उभा राहिला. दुपारी घाटकोपरचा आला, त्याहून मोठा. मग रोज. पॅसेजमध्ये टीव्हीचे, पंख्याचे, मिक्सरचे खोके, आणि आत अर्धवट उभी मखरं. प्रत्येकाच्या आधी मोबाइलवर फोटो येऊन पडलेला असायचा. त्याचा नंबर लागत नव्हता. कंपनीचा लावला तर एक गोड आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणायचा. भांडायला समोर माणूस लागतो हो. त्या आवाजाला शिव्या दिल्या तर तो म्हणायचा, समजलं नाही, पुन्हा सांगा.

माझा राग खरा त्याच्यावरच आहे. करायचं ते असं चोरून का केलंस? मला सांगितलं असतंस तर मी वरच्यांशी भांडले असते, निदान त्यांची तोंडं तरी पाहिली असती. माझ्यासाठी कोणी काही करावं आणि भाव न सांगता करावं, हे मला झेपत नाही.

गाळ्याचा मालक नव्या भाडेकरूला घेऊन आला. दोघं माझ्या खोक्यांमधून वाट काढत भिंती मापत होते. मी त्यांना तसंच सोडून कांजूरला गेले.

मोठी शेड, आत खोके वाहून नेणारा पट्टा चालू, आणि माणूस म्हणून दारावरचा वॉचमन तेवढा.

‘तो इस्त्रीच्या शर्टवाला ना? गेला,’ वॉचमन म्हणाला. ‘पार्सल उघडताना कॅमेऱ्यात आला. ओळखपत्र इथेच काढून घेतलं त्याचं.’

‘गेला कुठे?’

‘ते कोण सांगणार, मॅडम? हात धुवायला पाणी मागितलं त्याने, तेवढं दिलं मी.’

तेवढ्यात पट्ट्यावर माझं लेबल दिसलं. कुठल्याशा कुलरचा खोका, झाकण वर आलेलं, फटीतून माझ्या कमानीचा मोर डोकावतोय. तो कॅमेऱ्याकडे सरकत होता. वॉचमन ‘मॅडम, मॅडम’ करत राहिला, मी कठडा ओलांडला आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. सगळा भार टाकला. आतला खांब काही बसेना. वर उजेड चमकला.

पर्समध्ये मोबाइल वाजला. फोटोत खोका होता आणि खोक्यावर कोपरापर्यंत माझे हात. भोवती लाल रेघांची चौकट होती. खोक्याची उंची माझ्या बांगड्यांपासून धरली होती.